ब्लोअरच्या आडोशाला

आमच्या गावाच्या कडेला सांडपाण्याचा एक छोटा प्लँट आहे आणि तो मी चालवतो. मी, धम्मानंद. लोक मला गटारवाला म्हणतात. मी स्वतःला ऑपरेटर म्हणतो आणि जो ऐकत नाही त्याला दोनदा सांगतो. प्लँटच्या टाकीत जिवाणू असतात. ते घाण खातात आणि खाताना त्यांना हवा लागते. ती हवा फुंकणारं यंत्र म्हणजे ब्लोअर. सात वर्षं हा ब्लोअर अखंड घोंघावत होता, गरज असो वा नसो. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तरी बोंबलावं लागायचं.

प्लँटच्या भिंतीला लागून पुंजाजींचं घर. पुंजाजी म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. पद्माबाई त्यांच्या मंडळी आणि लेक ज्योती औंढ्याला एका दवाखान्यात नर्स. पुंजाजी-पद्माबाई हे गावातलं आदर्श जोडपं. सात वर्षांत त्या घरातून चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. कुठं नवरा-बायकोचं बिनसलं की लोक सांगायचे, जरा पुंजाजीकडं बघा. मीसुद्धा माझ्या बायकोला हे दोनदा सुनावलंय. त्याबद्दल मी तिची इथं जाहीर माफी मागतो.

यंदा प्लँटला नवीन पॅनल आलं. टाकीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर सोडला. हवा पुरेशी झाली की ब्लोअर आपोआप बंद, कमी पडली की आपोआप चालू. महिनाभरात विजेचे युनिट एक तृतीयांशानं खाली आले पाहिजेत, असं साहेबांनी बजावलं. पहिल्याच दुपारी ब्लोअर थांबला आणि मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू आला. मी खूश होऊन उभा होतो, तेवढ्यात पुंजाजी घाबरेघुबरे धावत आले आणि हे परत कधी सुरू होणार म्हणून विचारू लागले.

मला कुणी कामाचं विचारलं की मी थांबत नाही. मी त्यांना सगळं समजावलं. जिवाणूंना खायला जास्त मिळालं की ते हवा जास्त ओढतात, सेन्सरला ते कळतं आणि ब्लोअर धावतो. पुंजाजींनी जिवाणूंना सगळ्यात जास्त काय आवडतं तेही विचारलं. मी म्हणालो, गोड. गूळ मिळाला तर नाचतील. ते तडक घरी गेले. शिकण्याची केवढी आवड, असं मला वाटलं.

दुसऱ्या आठवड्यापासून युनिट खाली येईनात. रोज दुपारी दोनला टाकीतला ऑक्सिजन धपकन खाली यायचा आणि ब्लोअर पिसाळायचा. गटारात पाक सोडतो म्हणून मी गावातल्या मिठाईवाल्याशी भांडलो. सेन्सर दिवसातून तीनदा धुतला आणि धुताना त्याला शिव्या घातल्या. शेवटी चिडून एका दुपारी भिंतीवर चढलो.

पलीकडं पद्माबाई गुळाचं पाणी घागरीनं मोरीत ओतत होत्या. त्यांची मोरी आमच्या टाकीत अगदी सेन्सरच्या तोंडाशी उतरते. इकडं ब्लोअरनं सूर धरला, तिकडं बाईंनी घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि पुंजाजींकडं वळून तोंड सोडलं. ऐकू एक अक्षर येत नव्हतं, पण हातवारे दिसत होते. पुंजाजीही आमटीचा डाव उगारून उत्तर देत होते. गावाचा सात वर्षांचा आदर्श माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेला.

मी दारात जाऊन उभा राहिलो. दोघांनी माना खाली घातल्या.

"भांडल्याबिगर आमाला जेवण पचत न्हाई," पद्माबाई म्हणाल्या. "पण रविवारी पुसेगावचे पाव्हणे ज्योतीला पाहाया येऊन राहिले. घर शांत हाय म्हणूनच येऊन राहिले. तेवढा रविवार जाऊ दे, बाबा."

ज्योतीच्या तीन सोयरिकी आधीच फिसकटल्या होत्या. पोरगी गुणी, मला बहिणीसारखी. मी विरघळलो आणि फक्त रविवारपुरती परवानगी दिली.

रविवारी त्यांनी गुळाची अख्खी ढेप विरघळवली आणि कमी पडायला नको म्हणून वर डबाभर साखर ओतली. ब्लोअर कधी नव्हे तसा गरजला. पाहुणे म्हणजे मुलाचे वडील संतरामजी, आई जिवनबाई आणि मुलगा. वजन पडावं म्हणून मलाही बसवलं होतं. लेकरू किती शिकलं हे जिवनबाईंनी तीनदा विचारलं आणि ज्योतीनं तीनदा ओरडून सांगितलं. आतल्या पडद्याआड पुंजाजी-पद्माबाई चहा करत होते आणि पडदा हलत होता. तिकडं टाकीत जिवाणूंनी ढेप संपवली, ऑक्सिजन वर चढला आणि पॅनलनं आपलं काम चोख केलं. ब्लोअर थांबला.

"सारी साखर गटारात ओतली, आता चहात काय तुमची तिकिटाची पेटी बुडवू?" पद्माबाईंचा आवाज सेनगावपर्यंत गेला असेल.

"म्या म्हणलं व्हतं गूळ पुरे. तू कधी ऐकतीस का कुणाचं?"

मग पद्माबाईंनी लग्नाच्या मांडवापासून सुरुवात केली. भावजयीच्या पोराच्या बारशापर्यंत आल्या तेव्हा त्यांना शांतता जाणवली. दोघं बिनसाखरेचा चहा घेऊन बाहेर आले. ज्योतीच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या पॅनलचा मला इतका राग कधी आला नव्हता.

जिवनबाईंनी एक घोट घेतला आणि कप ठेवला.

"रोज भांडता?" त्यांनी विचारलं.

"रोज दुपारी," पद्माबाई म्हणाल्या. आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

जिवनबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. संतरामजींनी मान डोलावली.

"आमी बी रोजच," जिवनबाई म्हणाल्या. "पण आमच्याकडं असं यंत्र न्हाई, बाई. सारं पुसेगाव ऐकतं. म्हणून तर जवळपासचं कुणी पोराला पोरगी देईना. तुमचं घर शांत हाय म्हणल्यावर मला घोरच लागला व्हता, अशा घरची पोरगी आमच्यात टिकंल कशी."

सगळे ज्योतीकडं बघू लागले. तिनं डोळे पुसले.

"मी टिकंन," ती म्हणाली. त्या घरात हळू आवाजात बोललेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.