सगळ्यात लांब नदी

आमच्या गावात ब्रिटनमधली सगळ्यात लांब नदी ट्रेंट आहे. बाकी देशात ती सेव्हर्न आहे, हे मला माहीत आहे. शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सेव्हर्न पहिली, थेम्स दुसरी आणि आमच्या पबच्या मागून वाहणारी ट्रेंट तिसरी. पण ऑटर्सबी गावात एकतीस वर्षं ट्रेंटचा नंबर पहिला लागतो, आणि त्याला कारण वॅगस्टाफ सर.

सर आमच्या शाळेचे हेडमास्तर होते. आज ब्याऐंशीचे आहेत, तरी टायशिवाय घराबाहेर पडत नाहीत. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलंय. मी, एव्हिस टॉमलिन, 'हसरा नावाडी' या पबची मालकीण, वय एकसष्ट, अजूनही ते आत आले की पाठ ताठ करते.

एकतीस वर्षांपूर्वी सेंट जॉर्जच्या दिवशी, म्हणजे तेवीस एप्रिलला, सरांनी आमच्याकडे पहिली क्विझ घेतली. चौदा टेबलं भरली होती. पहिलाच प्रश्न, सगळ्यात लांब नदी कोणती. शेवटी टेबलांनी एकमेकांचे कागद तपासायला घेतले, आणि सरांनी उत्तर वाचलं, "ट्रेंट." खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मेकॅनिक डेस हॅलमच्या बापाने बोट वर केलं, सरांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "प्रश्नकर्त्याचा शब्द अखेरचा." बोट खाली आलं. सगळ्यांनी निमूटपणे एकमेकांना शून्य दिलं.

पुढच्या वर्षी पहिला प्रश्न तोच. या खेपेला सरांनी कागद स्वतः गोळा केले. आम्ही काय एवढे मठ्ठ आहोत? चौदाच्या चौदा टेबलांनी ट्रेंट लिहिलं. मार्कही मिळाला आणि सरांचा मानही राहिला. तेव्हापासून हे दरवर्षी चाललंय. एकदा सेव्हर्नकाठच्या श्रॉपशरचं एक सुट्टीवर आलेलं जोडपं खेळायला बसलं आणि त्यांनी सेव्हर्न लिहिलं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी त्या माणसाला विचारलं, "तुमची शाळा कुठली?" आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. मी घाईघाईने दोघांना फुकटची बिअर पाजली आणि विषय बदलला.

तर अशी ही झाकली मूठ होती, आणि ती कधी उघडली नसती. पण नेवेनाची परीक्षा आली.

नेवेना माझ्या स्वयंपाकघरात चौदा वर्षं आहे. मूळची बल्गेरियातल्या प्लोवदिवची. तिच्या हातची मटणाची पाई, म्हणजे मैद्याच्या पारीत मटण भरून भाजलेली, ती खायला लोक नदीपलीकडून येतात. तिला इथलं नागरिक व्हायचं होतं, आणि त्यासाठी देशाची माहिती विचारणारी सरकारी परीक्षा द्यावी लागते. चोवीस प्रश्न, अठरा बरोबर यायला हवेत. राजे, राण्या, लढाया, सण, ज्यूरीत माणसं किती बसतात. जानेवारीत ती नापास झाली. मला सोडून कुणाला बोलली नाही. थंड कोठीत बटाट्यांच्या पोत्यावर बसून रडत होती.

"चौदा वर्षं या गावाला जेवायला घालतेय मी," ती म्हणाली, "आणि एक मशीन मला सांगतं की तुला हा देश माहीत नाही. एव्हिस, अजून एकदाच बसणार. नाही झालं तर बहिणीची बेकरी आहे तिकडे, ती केव्हाची बोलावतेय. पाहुणी म्हणून राहायचा कंटाळा आलाय मला."

ती जाणार, हा विचारच मला सहन होईना. तिच्या हातची पाई जाईल ती जाईलच, पण माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर रोज सकाळी जिने मला जबरदस्तीने उठवून नाश्ता खायला लावला, ती बाई जाईल. म्हणून मीच सरांना गळ घातली. सर खूश झाले. प्रश्नांच्या कार्डांनी भरलेले बुटांचे खोके घेऊन ते रोज दुपारी तीन वाजता खिडकीजवळच्या टेबलावर यायचे, आणि नेवेना एप्रन काढून शाळकरी मुलीसारखी समोर बसायची.

परीक्षेला आठवडा उरला होता. मी कपांचा ट्रे घेऊन बाजूने चालले होते.

"सगळ्यात लांब नदी?"

"ट्रेंट, सर."

"शाबास!"

दोन कप फुटले. मी तुकडे गोळा करून स्वयंपाकघरात पळाले, आणि तासाभरात डेस आणि ग्लेनिसला तळघरात बिअरच्या पिंपांजवळ उभं केलं. ग्लेनिस म्हणजे आमचं पोस्ट चालवणारी. तिच्या कानावर घातलेली गोष्ट गावाला सांगायची वेगळी गरज नसते.

"फोनवरच्या सराव पेपरात तिला सतरा पडतात, नाहीतर अठरा," मी म्हटलं. "एका मार्काने जाईल बिचारी. आणि तो मार्क आपण खाल्लेला असेल."

"मग सांग ना तिला," डेस म्हणाला. "त्यात काय एवढं?"

"सांगू काय? ती सरळ मनाची आहे. जाऊन सरांनाच विचारेल."

"मग सरांना सांग."

"तू सांग."

डेसने पिंपाकडे पाहिलं. हा माणूस गेल्या पुरात ट्रॅक्टर घेऊन पाण्यात उतरला होता. "मला अजून त्यांची भीती वाटते," तो म्हणाला.

"ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला सांगायचं की एकतीस वर्षं तुम्ही चुकताय आणि आम्ही एकतीस वर्षं हसतोय?" ग्लेनिस म्हणाली. "मी नाही बाई. अंथरूण धरतील ते."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणीच तयार नव्हतं. तेव्हा आम्ही आमच्याकडे अशा वेळी करतात तेच केलं. आडून सुचवायचं ठरवलं.

ग्लेनिसने सेव्हर्नचा नकाशा छापलेला भांडी पुसायचा टॉवेल आणला आणि शेगडीसमोर टांगला. डेस जेवायला आला की उगाचच मोठ्याने म्हणायचा, "काय ती सेव्हर्न! संपता संपत नाही बुवा!" मी तर नदीची तीन चित्रं आणून एक फ्रिजवर, एक पिठाच्या डब्यावर आणि एक कर्मचाऱ्यांच्या संडासात लावलं.

तिसऱ्या दिवशी नेवेना हातात लाटणं घेऊन बाहेर आली. "तुम्हा सगळ्यांना त्या सेव्हर्नचं काय झालंय? कुणी बुडालंय का तिथे?"

"छे गं," मी म्हटलं, "छान नदी आहे, एवढंच."

तिने माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं, मग टॉवेलकडे पाहिलं, आणि आत गेली. मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मंगळवारी तेवीस एप्रिल होता, गुरुवारी परीक्षा. क्विझला चौदा टेबलं भरली. नेवेना डेस आणि ग्लेनिसबरोबर बसली. सर उठले, टाय सारखा केला. "प्रश्न पहिला. सगळ्यात लांब नदी कोणती?"

चौदा पेन्सिली चालायला लागल्या. मी ठरवलं, बास झालं. आज सगळ्यांदेखत बोलायचं. मी काउंटरच्या मागून पुढे आले. "सर!"

साठ माणसांनी मान वर केली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि मी नऊ वर्षांची झाले.

"बोल, एव्हिस."

"काही नाही, सर. म्हटलं... खिडकी लावू का?"

"लाव," सर म्हणाले. मी खिडकी लावली. ती लावलेलीच होती, म्हणून आधी उघडावी लागली.

गुरुवारी मीच नेवेनाला गाडीने नॉटिंगहॅमला नेलं. सगळ्या वाटेत ती राजांची नावं पुटपुटत होती. परीक्षा केंद्रासमोर गाडी थांबवली आणि मला राहवेना.

"नेवेना, ट्रेंट नाही. सेव्हर्न आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. मला माफ कर, मला आधीच सांगायला हवं होतं."

ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं वेडे, सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं! पबमध्ये ट्रेंट, परीक्षेत सेव्हर्न. रोज दोन्ही म्हणून घ्यायचे. तू अर्धं ऐकलंस आणि कप फोडलेस."

"म्हणजे सरांना माहीत आहे?"

"पहिल्या वर्षापासून. चुकून कार्डावरची खालची, दुसऱ्याच प्रश्नाच्या उत्तराची ओळ वाचली त्यांनी. घरी जाऊन पाहिलं तेव्हा कळलं. दुसऱ्या वर्षी दुरुस्त करायचं म्हणून तोच प्रश्न विचारला, कागद स्वतः घेतले, तर सगळ्यांनी ट्रेंट लिहिलेलं." ती आता हसत नव्हती. "एव्हिस, त्यांना वाटतं तुम्हाला खरंच येत नाही. तुम्हाला भूगोल त्यांनीच शिकवलाय ना? त्यांना वाटतं, आपलं शिकवणंच कच्चं राहिलं. दरवर्षी विचारतात ते, एक तरी पोर सेव्हर्न लिहील म्हणून."

मला त्या श्रॉपशरच्या माणसाची आठवण झाली. तुमची शाळा कुठली, असं सरांनी का विचारलं होतं ते आत्ता कळलं. जे आपल्याला शिकवता आलं नाही ते कुठल्या शाळेने शिकवलं, हे त्यांना हवं होतं.

"मग आम्हाला का नाही बोललीस?"

"त्यांनी वचन घेतलं. म्हणाले, त्यांना सांगू नकोस, बिचाऱ्यांना वाईट वाटेल. आणि तुम्हाला येतंय हे मला तरी कुठे माहीत होतं? तो टॉवेल टांगलात तेव्हा कळलं." तिने पर्स उचलली. "काय माणसं आहात तुम्ही! आता गप्प बस, मला सहा बायका ओळीने आठवू देत." आणि ती आठव्या हेन्रीच्या राण्या मोजत आत गेली.

निकाल शुक्रवारी दुपारी फोनवर आला. शुक्रवार म्हणजे मासे तळायचा दिवस, पब गच्च भरलेला, सर खिडकीजवळ. नेवेना पिठाच्या हातांनीच बाहेर आली. फोन तिने माझ्या हातात दिला, कारण तिला बघवत नव्हतं. मी वाचलं आणि ओरडले. पास! अजून अर्ज होता, शपथ होती, पण चढ होता तो हाच. डेसने तिला उचललं, ग्लेनिस रडली, आणि सर उठून उभे राहिले. त्यांनी तिचा पिठाचा हात दोन्ही हातांत घेतला. माझा जीव भांड्यात पडला.

मग नेवेना बाकावर चढली.

"आता मी इथली ना? मग आज क्विझ माझी," ती म्हणाली. "एकच प्रश्न. कागद घ्या. सगळ्यात लांब नदी कोणती? पबमधलं उत्तर नको. शाळेत शिकलात ते लिहा."

कुणी हलेना. डेस लाल झाला होता. सर नेवेनाकडे पाहून घाबरे होऊन मान हलवत होते, नको, नको म्हणून.

"डेस हॅलम, लिही!" ती कडाडली. "प्रश्नकर्त्याचा शब्द अखेरचा!"

डेसने लिहिलं. मग मी लिहिलं. मग बिलांच्या मागे, कागदी रुमालांवर, सगळ्यांनी. नेवेनाने ते गोळा केले आणि सरांच्या पुढ्यात ठेवले.

सरांनी पहिला उघडला. दुसरा उघडला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. सेव्हर्न. सेव्हर्न. सेव्हर्न. डेसच्या कागदाशी ते थांबले.

"डेस, तुलासुद्धा?"

"चौथीत शिकवलंत तुम्ही, सर," डेस खाली बघत म्हणाला. "निळ्या दोऱ्याने. फळ्यावर तिन्ही नद्यांचे दोरे लावले होते, एकाखाली एक. ते विसरणार कसं?"

"मग एकतीस वर्षं तुम्ही..."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, सर," मी म्हटलं.

"आणि मी, तुम्हाला वाटू नये म्हणून," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, टायच्या टोकाने पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिले. मला हुंदका आला, तो मी लपवला नाही. शेवटी त्यांनी ते सगळे कागद, तेलकट रुमालांसकट, नीट जुळवले आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. चष्मा चढवला आणि त्यावरून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

"सगळ्यांना शून्य," ते म्हणाले. "या पबमध्ये ट्रेंट."