विहिरीच्या तोंडाशी बसलेली कौशल्या

कौशल्या ही तेल्हाऱ्याकडच्या एका गावातली आशाताई. बाळंतिणी, लसी, म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या हे सगळं बारा वर्षं तिच्याच गळ्यात. या बारा वर्षांत तिने गावाला काय सांगितलं नाही? फवारताना तोंड बांधा, पाणी उकळा, विहिरीत इंजिन उतरवू नका. लोक माना डोलवायचे आणि आपलंच खरं करायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

इंजिनचं तर दर उन्हाळ्याचंच. विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली की मोटार बंद; ती पंधरा-पंधरा दिवस बदलून मिळत नाही, आणि भुईमूग काही तितके दिवस तहानलेला राहत नाही. पाणी खोल गेलेलं, वर ठेवलेलं इंजिन ते ओढत नाही. मग साखळी लावून डिझेल इंजिन आत सोडायचं, विहिरीतल्या टप्प्यावर टेकवायचं आणि चालू करायचं. धूर वर निघून जातो, असा सगळ्यांचा पक्का समज. जो विषारी वायू खालीच साचतो तो दिसत नाही, म्हणून त्याचं भय कुणाला वाटत नाही.

एप्रिलातल्या एका सकाळी कौशल्या शेतात राहणाऱ्या एका बाळंतिणीकडे निघाली होती. वाटेत पार्बताबाईंच्या विहिरीवरून आरडाओरड ऐकू आली. इंजिन बंद पडलं म्हणून त्यांचा थोरला मुलगा सूर्यभान खाली उतरला होता आणि टप्प्यावरच आडवा झाला होता.

"सूर्यभान बोलून नाही राहिला व," पार्बताबाई म्हणाल्या.

धाकटा नितेश चप्पल काढून पायऱ्यांकडे धावत होता. कौशल्याने पिशवी टाकली आणि पहिल्या पायरीवर फतकल मारून बसली. पायरी एकच माणूस मावेल एवढी. तिच्या अंगावरून गेल्याशिवाय खाली जायला वाट नव्हती.

"सोडा मले, वहिनी. भाऊ हाय माहा."

"म्हणूनच नाही सोडत. तू बी तिथंच पडशील. आधी एकशेआठले फोन लाव."

"जाऊ दे त्याले," पार्बताबाई ओरडल्या. "तुह्या बापाचं काय जाते?"

नितेशने तिचा दंड धरून ओढला. ती कठड्याला चिकटून राहिली. बाजूच्या शेतातले लोक आले, तेही नितेशच्याच बाजूचे. भाऊ खाली पडलेला आणि भाऊ वर उभा, हे त्यांच्या नजरेला सोसवत नव्हतं. तिने त्यांना लिंबाच्या फांद्या दोराला बांधून वर-खाली हलवायला लावल्या, म्हणजे आतली हवा ढवळली जाईल. सूर्यभानला हाका मारत राहायला सांगितलं. एवढंच तिला ठाऊक होतं, आणि एवढं पुरेसं नाही हेही ठाऊक होतं. एकदा तिने वाकून पाहिलं, तेव्हा सूर्यभानचा पाय हलला. तिने ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नितेश तिला उचलून फेकून खाली गेला असता.

तोंडाला हवेचा मुखवटा लावून उतरणारी बचाव पथकाची माणसं पोचायला पाऊण तास लागला. सूर्यभान वर आला तो मेलेलाच.

गावाने मग निकाल लावला. डीपी पंधरा दिवस का बदलली नाही, हे कुणी कुणाला विचारलं नाही. आशाताईने अडवलं म्हणून पोरगा गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. बाया तिला पाहून दारं लोटायच्या. कौशल्या भांडली नाही. भांडायलाही अंगात जीव लागतो, आणि ती आता पार थकली होती. रोज भाकऱ्या थापताना तिला तो पाय दिसायचा. आपण चुकलो नाही हे तिला माहीत होतं, आणि त्याने काडीचाही आराम पडत नव्हता.

दोन महिन्यांनी बीपीच्या गोळ्यांच्या यादीत पार्बताबाईंचं नाव आलं. टाळता येण्यासारखं नव्हतं. म्हातारी ओट्यावर एकटीच बसली होती. कौशल्याने पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला. बीपी वाढलेलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "तुमाले एक सांगाचं हाय. त्या दिवशी मी वाकून पाह्यलं तवा सूर्यभान..."

"नको सांगू." म्हातारीने हात आडवा केला. "हळू बोल. आत नितेश जेवून राहिला."

घरातून ताटलीचा आवाज येत होता. नितेशची बायको प्रणाली त्याला आणखी भाजी घेता का म्हणून विचारत होती, तो पुरे म्हणत होता. दोघीही थोडा वेळ ते ऐकत बसल्या.

"तू बरोबर केलं," पार्बताबाई म्हणाल्या. "मले समजते ते. तू नसती त मी दोघाइले रडत बसली असती. पण तुहं तोंड पाह्यलं का मले इहीरच दिसते, बाई. गोळ्या आता प्रणालीजवळ देत जाय. माह्यासमोर नको येऊ."

"बरं, मावशी," कौशल्या म्हणाली. सकाळी एक आणि रात्री एक, हे तिने तरीही दोनदा समजावून सांगितलं आणि पिशवी उचलून पुढच्या घराकडे निघाली.