निळा पट्टा

सौनाची, म्हणजे परसातल्या वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी पेटवायला सरपण आणावं म्हणून आयली मागच्या दारानं बाहेर पडली आणि तिथंच थबकली. तिचा पुतण्या रेनो मेपलच्या खोडावर निळ्या रंगाचा पट्टा ओढत होता. एकाच झाडावर नव्हे, सौनापासून ओढ्यापर्यंतची सगळी रांग रंगवून झाली होती. सुपीरियर सरोवराच्या या काठावर निळ्या पट्ट्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. हे झाड तोडायचं.

"हे काय चालवलंयस?"

"कुणी तोडत नाहीये, काकू. नुसतं दाखवायचंय," रेनो तिच्याकडं न बघता म्हणाला. "हॅलिडे येतोय दुपारी. त्याला फोटो हवेत."

रानांचे सौदे जुळवणारा हा हॅलिडे मागच्या आठवड्यात येऊन गेला होता. आयलीनं भाजलेला वेलचीचा गोड पाव खात त्यानं सगळं समजावून सांगितलं होतं. हे रान शंभर वर्षं तोडायचं नाही, त्याचे पैसे मिळतील.

"न तोडण्याचे पैसे? अहो, आम्ही जन्मभर तेच करत आलोय," आयली तेव्हा खुशीत म्हणाली होती.

"तिथंच तर गोची आहे, मॅडम. जे तुटणार होतं, तेच वाचवलं म्हणता येतं. पैसे मिळाले नसते तर आम्ही हे रान तोडलंच असतं, एवढं फक्त तुम्ही लिहून द्यायचं."

पैसे देणार होता कॅलिफोर्नियातला एक खनिज तेल शुद्ध करणारा कारखाना. तिकडं सरकारनं धुराला मर्यादा घातली होती, आणि ज्याचा धूर जास्त त्यानं थोडाफार दुसरीकडच्या झाडांच्या नावावर टाकायची सोय होती.

"म्हणजे धूर त्यांनी करायचा आणि गिळायचा माझ्या झाडांनी. करून करून भागला नि देवपूजेला लागला, त्यातली गत." हॅलिडे मनापासून हसला होता आणि त्यानं पावाचा आणखी एक तुकडा उचलला होता.

याच झाडांपायी तिच्या नवऱ्याची, ताउनोची, लाकूडगिरणीतली नोकरी गेली होती. मालकानं झाडं मागितली, यानं नाही म्हटलं. पुढचे सगळे हिवाळे त्यानं गोठलेल्या सरोवरावर मासे धरून काढले. गावानं त्याला येडा ठरवलं, त्याचंही त्याला काही वाटलं नाही. आता तो मातीआड होता आणि त्याची झाडं करवतीसाठीच राखली होती, असं तिनं लिहून द्यायचं होतं.

"काकू, ऐक. जमिनीचा कर वाढलाय. गोठ्याचं छप्पर बसलंय. हे जमलं नाही तर मला ग्रीन बे शहरात कामाला जावं लागेल. मग बर्फात तू एकटी. अगं, एक वाक्य आहे नुसतं. कोण वाचणार आहे?"

"मी वाचलंय ना."

तिला भीती वाटली, यात खोटं काही नाही. रेनो राहायला आल्यापासूनच तर हिवाळ्यात दारातला बर्फ वेळेवर निघत होता. तरी तिनं हात पुढं केला.

"डबा दे इकडं."

काकूला पटलं असं समजून रेनोनं डबा आणि कुंचला तिच्या हाती दिला.

हॅलिडे आला, कॅमेरा काढून रांगेसमोर उभा राहिला, आणि तसाच राहिला. दोन मेपलांच्या मधे आयली उभी होती. अंगात ताउनोचा जुना कोट. कोटावर छातीच्या उंचीवर आडवा निळा पट्टा, अजून ओला.

"मॅडम, जरा बाजूला होता का?"

"का? रांगेतच आहे मी. पट्टा नीट आलाय ना?"

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि खाली घेतला.

"म्हणजे तुम्ही तोडणार नव्हताच."

"ज्याचा हा कोट, तो नव्हता तोडणार. मीही नाही."

"मग इथं वाचवण्यासारखं काही नाही, मॅडम." तो हे रागानं बोलला नाही.

"नसेल. कॉफी घेऊन जा."

कॉफीला तो थांबला नाही. त्याची गाडी वळणाआड गेली तेव्हा रेनोनं रंगाचा डबा लाथेनं उडवला.

"झालं समाधान?"

"झालं."

तो ओंडक्यावर बसून राहिला. काकूच्या अंगातल्या कोटाकडं एकदा त्यानं पाहिलं. लहानपणी बर्फावर मासे धरायला जाताना ताउनोकाका याच कोटात त्याला गुंडाळून न्यायचा. आयलीनं त्याला ग्रीन बेचं विचारलं नाही. ती खाली वाकून सरपण गोळा करू लागली. शनिवार होता, सौना तापवायचा होता.

थोड्या वेळानं रेनो उठला. जवळच्या खोडावरचा पट्टा त्यानं नखानं खरवडून पाहिला.

"हा रंग कशानं निघतो गं?"

"कशानं नाही. झाड वाढेल तशी साल झडते, तिच्याबरोबर जातो."

"त्याला वर्षं लागतील."

"लागू देत." तिनं सरपणाचा भारा त्याच्या हातांवर ठेवला. "शंभर म्हणत होता ना तो? ती तर मी फुकटच देणार होते."