हात सोडवणारी शिट्टी

मित्रांनो, माझ्या पोटात बुचाची एक बारीक गोळी आहे. ती नाचली की माझा आवाज किंचित फाटतो. हजारांत ओळखू येईल असा हा आवाज देवाने मला दिला आणि तोच एका गुणी माणसाच्या अंगाशी आला. मी शाळेतल्या कुस्तीच्या सरांची जुनी पितळी शिट्टी.

सर सकाळी गणित शिकवत आणि दुपारी पोरांना गादीवर लोळवत. नियम एकच होता. मी वाजले की पकड कुठलीही असो, हात सुटले पाहिजेत. पण एक किडकिडीत मुलगा चिकटला की सुटत नसे, म्हणून त्याचे नाव पडले मुंगळा. एकदा त्याने वर्गातल्या सर्वांत दांडग्या पोराची, ज्याला सगळे गेंडा म्हणत त्याची, मान अशी आवळली की गेंड्याचे डोळे पांढरे झाले. सरांनी एकेक बोट उचकटून त्याला सोडवले.

"अरे, आवळता कुणालाही येतं. शिट्टीला हात सोडतो तो माझा," सर म्हणाले.

तेव्हापासून मुंगळा सगळ्यांच्या आधी हात सोडू लागला.

पुढे सर निवडणुकीला उभे राहिले. निशाणी मिळाली शिट्टी. मी तर हुरळूनच गेले. गल्लोगल्ली प्लास्टिकच्या शिट्ट्या वाटल्या गेल्या. गेंडा सरांचा उजवा हात झाला. शिट्टी वाजली की त्याची टोळी विरोधकांवर तुटून पडे. दुकानांच्या काचा फुटल्या, एका म्हाताऱ्या शिंप्याचा जबडा फुटला. सरांच्या कानावर सगळे येई. "गरम रक्त आहे, व्हायचंच," म्हणून ते चहा पीत. सर आमदार झाले आणि मी त्यांच्या कोटाच्या खिशात विसरले गेले.

मुंगळा आता त्याच शाळेत कुस्ती शिकवत होता. एके दिवशी शाळेच्या फाटकाशी त्याने सरांची गाडी अडवली.

"सर, कुस्तीच्या हॉलचं छप्पर गळतंय. गादी कुजली. तुम्ही शब्द दिला होता."

"साहेब म्हण," गाडीतून उतरत गेंडा गुरगुरला आणि त्याने सळई उगारली.

मुंगळ्याने त्याला क्षणात खाली पाडले. सळईचा हात पिरगाळून जमिनीला दाबून धरला. गेंडा कळवळला. सरही उतरून धावले, खिसे चाचपले आणि मला जीव खाऊन फुंकले.

मुंगळ्याने हात सोडले.

गेंड्याला मात्र शिट्टी म्हणजे मारायचे, एवढेच ठाऊक उरले होते. पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा डोक्यात. रक्ताने मातीचा चिखल झाला. सर मला फुंकत राहिले आणि प्रत्येक फुंकरीला सळई पडत राहिली. शेवटी सरांनी मला टाकले आणि ते स्वतः मुंगळ्यावर आडवे पडले.

इस्पितळात मुंगळा शुद्धीवर आला. त्याचा उजवा हात निकामी झाला होता.

"वेड्या, सोडलंस कशाला त्याला?" सरांनी विचारले.

"तुमची शिट्टी होती ना, सर."

मग सरांनी पोलिसांना गेंड्याचे नाव सांगितले आणि शिट्टीवर धावून जायची सवय त्याला आपल्याच प्रचारात लागली, तेही. मला त्यांनी मुंगळ्याच्या गळ्यात घातले.

आता तो मला डाव्या हाताने धरून फुंकतो. देव त्याला उदंड आयुष्य देवो. मित्रांनो, माझे पितळ घासले नाही तरी चालेल. पण माझा आवाज ऐकून जो हात सोडतो, त्याच्यावर कुणाचा हात पडू देऊ नका.