तिन्ही बोर्ड सारखे

ताईची कामाची एक पद्धत होती, आणि तिचा मिस्त्री त्या पद्धतीला भातुकली म्हणायचा. घरं सजवणारे इतर लोक गिऱ्हाइकाला आपण केलेला मूड बोर्ड, म्हणजे नमुने टाचलेला फळा, दाखवतात. ताई घरातल्या प्रत्येकाच्या हातात कोरा बोर्ड आणि टाचण्या द्यायची. मधोमध आपला डबा उघडायची. त्यात कापडाचे तुकडे, टाइल्सचे नमुने, लाकडाच्या चकत्या, मासिकांतली चित्रं, सगळं कप्प्याकप्प्यांत. एकेकाने येऊन हवं ते उचलायचं आणि इतरांकडे पाठ करून टाचायचं. सगळ्यात धाकट्याने पहिल्यांदा, म्हणजे मोठ्यांचं बघून कुणी निवडत नाही. शेवटी बोर्ड उलटे करायचे आणि भांडण बघत बसायचं. एका सासूबाईंनी फ्रिजसाठी कुलूप टाचलं होतं. एका नवऱ्याने नुसती आरामखुर्ची, बाकी बोर्ड रिकामा.

"भांडण मोठं झालं की घर चांगलं होतं," ताई म्हणायची.

"आणि माझं डोकं उठतं," मिस्त्री म्हणायचा.

आज भांडण झालंच नाही. नवरा, बायको आणि दहाएक वर्षांची मुलगी, तिघांनी बोर्ड उलटे केले आणि ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिन्ही बोर्ड सारखे. वर राखाडी कापड, खाली पांढरी टाइल, उजवीकडे काचेच्या भिंतीचं चित्र. मुलीने सगळ्यात आधी निवडलं होतं. बापाने तोवर डब्याला हातही लावला नव्हता.

"सांगितलं होतं ना, ताई," तो हसून म्हणाला. आवाज मऊ, झोपलेल्या बाळाशेजारी बोलावं तसा. "आमच्या घरात एकमत असतं. काय चिऊ?"

"हो बाबा," मुलगी म्हणाली.

आता ताईला मघाचं आठवलं. चिऊचा हात आधी पिवळ्या कापडाकडे गेला होता. मग तिने बापाच्या पाठीकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि चटका बसल्यासारखी बोटं फ्रॉकला पुसली. त्या वेळी ताईला गंमत वाटली होती.

बाप पुढे सांगत होता. चिऊच्या खोलीला दार नको, काच बरी. आतलं सगळं दिसतं. लपवण्यासारखं आपल्याकडे आहे काय? ताईला न्हाणीघरात हात धुताना दिसलेलं दार आठवलं. कडी असायची तिथे चार भोकं होती, पुट्टीने नीट बुजवलेली. चिऊच्या आईला विचारलं, तर ती टॉवेलची घडी सरळ करत म्हणाली होती, "यांना कडीचा आवाज सहन होत नाही."

हे काम आपलं नाही, ताईने मनाशी ठरवलं. दोन दिवसांनी फोन करून पाठदुखीचं काहीतरी सांगू. ती भराभर नमुने आवरायला लागली आणि तिथेच चुकली. आवरताना एकेका कप्प्यावर बोट ठेवून मोठ्याने बोलायची तिला जुनी सवय. "राखाडी आला, निळा आला, पिवळा... पिवळा कुठे गेला?"

चिऊची आई जागच्या जागी थिजली. चिऊचा उजवा हात फ्रॉकच्या खिशात होता. तो तिथेच राहिला.

"काय सापडत नाही?" बापाने विचारलं.

"काही नाही हो. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे राहिला असेल."

"नाही, ताई. मघाशी डब्यात होता. मी पाहिलाय." तो उठला, बाह्या नीट दुमडल्या. "आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत. शोधू या. चला, सगळ्यांनी खिसे दाखवा बघू. आधी चिऊ."

ताईने डबा उचलल्यासारखं केलं आणि सोडून दिला. टाइल्स, चकत्या, टाचण्या सगळं फरशीवर खडखडत पसरलं. बापाने दोन्ही कानांवर हात दाबले.

"अगं बाई, माझे मेले हात," ताई म्हणाली. "चिऊ, बाळा, टेबलाखाली बघ गं काय गेलंय. टाचण्या आहेत, जपून."

चिऊ टेबलाखाली शिरली. ताई मुद्दाम टाइल्सवर टाइल्स आपटत राहिली. त्या गोंधळात कापड फाटल्यासारखा एक बारीक आवाज आला, किंवा तिला तसं वाटलं. मग चिऊ बाहेर आली आणि पिवळा तुकडा ताईच्या तळहातावर ठेवला.

"इथे होता," ती म्हणाली.

ताईचे सगळे तुकडे नागमोडी कात्रीने कापलेले, चारही कडा दातेरी. या तुकड्याच्या एका कडेला धागे लोंबत होते. अर्धाच होता तो. अख्खा परत दिला असता तर काय बिघडलं असतं, पोरी?

"दाखवा बरं," बाप म्हणाला.

ताईने लोंबत्या धाग्यांवर अंगठा दाबला आणि हात पुढे केला. त्याने वाकून पाहिलं. तुकड्याकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे. चिऊची आई टाचण्या, टाइल्स वेचत होती. वेचता वेचता तिने ओंजळभर टाइल्स पुन्हा फरशीवर सोडल्या. त्याने दचकून मान वळवली, तेवढ्यात ताईने तुकडा पर्समध्ये टाकला. ताईकडे न बघता चिऊची आई हळूच म्हणाली, "सुटल्या हातातून."

"निघते मी," ताई उरलेलं डब्यात भरून म्हणाली. "माप घ्यायला येईन पुढच्या आठवड्यात."

"या की. मी घरीच असतो."

दार लागलं. ताईने बाहेर जिन्यापाशी थांबून मिस्त्रीला फोन लावला.

"झालं का भांडण?" त्याने विचारलं.

"तू ये इथे. आत्ता. एक दार करायचंय, आतून कडी असलेलं."

"नुसत्या मापाला मी कशाला? आणि आवाजाला काय झालंय तुझ्या?"

ती उत्तर देणार, तोच बंद दाराआडून तो मऊ आवाज आला. "चिऊ, इकडे ये बघू. खिसा दाखव."

पुढच्या आठवड्याचा बेत ताईच्या डोक्यातून गेला. माप घ्यायची टेप तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होती. ती तिने तळाशी ढकलली, वर ओढणी कोंबली.

"पळत ये," ती मिस्त्रीला म्हणाली आणि फोन चालूच ठेवून हातात धरला.

मग बेल दाबली, आणि दार उघडेपर्यंत बोट काढलं नाही.

"माझी टेप राहिली वाटतं," ती म्हणाली आणि तो काही बोलायच्या आत उंबऱ्यात पाय टाकला. "आणि म्हटलं आलेच आहे, तर चिऊच्या खोलीचं माप आत्ताच घेऊ. मिस्त्रीही येतोय. चिऊ, ये गं, दुसरं टोक तू धर."