गाढवानंतरचं पान

आत्याबाईंनी पुस्तकाचं प्रूफ टेबलावर असं आपटलं की भाच्याचा चहा बशीत सांडला.

"हे फूल कुठून उगवलं इथे?"

"मीच काढून घेतलं चित्रकाराकडून," भाचा म्हणाला. "गाढव मरतं आणि पुढचं पान कोरं? लोक म्हणतील, छापायला विसरले. पुस्तकं परत आणतील, आत्या."

"आणू देत!"

मुलांसाठी लिहिण्यात बाईंचा जन्म गेला होता, आणि मुलांना शेंडी लावणाऱ्या लेखकांचा त्यांना भयंकर तिटकारा. छापण्याआधी त्या प्रत्येक पुस्तक मुलांना वाचून दाखवत. नियम एकच: पान ऐकणाऱ्यानं उलटायचं. मुलं जे पान फटकन उलटत, ते बाई बिनदिक्कत उडवत. या कोऱ्या पानावर मात्र सगळी थांबली होती. एकीनं तर त्यावर गाल टेकवला होता. आणि आता तिथे गुलाबी फूल!

प्रकाशकाची ही खुर्ची भाच्याकडे नुकतीच आली होती. त्याचे वडील, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, गेले त्या आठवड्यातही तो कामावर हजर होता. त्याला रडताना कुणी पाहिलं नाही. किती खंबीर पोरगा, असं सगळे म्हणाले. बाईंच्या घशाखाली ते कौतुक कधी उतरलं नाही.

"मशीन खोळंबलंय, आत्या. फूल राहील, नाहीतर पुस्तक निघणार नाही."

"नको निघू दे! माझं काही अडत नाही. पण आधी ऐक." बाईंनी पिशवीतून हातानं शिवलेली प्रत काढून त्याच्यापुढे ठेवली. "पान तू उलटायचंस."

"मी काय लहान आहे?"

"ते कळेलच आता."

बाई वाचू लागल्या. म्हातारं गाढव रोज संध्याकाळी दारात उभं राही. शिंगरू घरी आलं, की मगच आत जाई. एका सकाळी ते उठलंच नाही. 'त्या संध्याकाळी दारात कुणी नव्हतं.'

भाच्यानं पान उलटलं. कोरं.

भाच्याचा हात पानाच्या कोपऱ्यावर होता, तो काही हलेना. खालून मशीनवाल्यानं हाक मारली, "साहेब, घेऊ का छापायला?" भाच्याला जवळ घ्यावं म्हणून बाईंचा जीव तुटत होता. पण नियम म्हणजे नियम. त्या हाताची घडी घालून बसून राहिल्या.

"बाबा खिडकीत उभे असायचे," भाचा म्हणाला, आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.

शेवटी मशीनवालाच वर आला आणि दारातच घुटमळला.

"फूल काढून टाका," भाचा बाहीला नाक पुसत म्हणाला. "त्या पानावर काही नको."

"काहीच नको? अहो, लोक परत आणतील!"

"आणू देत!" भाचा म्हणाला. त्याचा हात अजून पानावरच होता.