एका हातावर बारा

नव्या शाळेतली मुलं एका बोटाला एक मोजायची. लेक मात्र घरच्यासारखी पेरांवर अंगठा फिरवून एका बोटावर तीन मोजायची. "हसतील गं सगळी, हात बाकाखाली ठेव," असं आईनेच बजावल्यापासून पोरीने वर्गात तोंडच उघडलं नव्हतं.

आज तिला न्यायला आलेली आई खिडकीशी थबकली. लेक फळ्याजवळ उभी!

"एका हातावर बारा? आम्हालाही शिकव की!" बाई म्हणाल्या.

लेकीने हात उंच धरला. तीस अंगठे पेरांवरून सरकू लागले. नवावर बाईच अडखळल्या.

"अहो बाई, एक पेर गाळलंत!" लेक खणखणीत ओरडली.

अख्खा वर्ग खिदळला, बाईंसकट. खिडकीबाहेर आईचा अंगठाही पेरांवरून सरकू लागला.